जुनी उघडी मोटार विकत घेतांना

इंग्लंडसारख्या पावसाळी देशांत बिनछपराच्या मोटारीचें वेड असावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं थोडी चमत्कारिक वाटते. पण ज्या देशांत ऊन दुर्मिळ, तेथेंच तें अंगावर घेण्याची हौस अधिक असावयाची. हिवाळाभर पांघरुणाखालीं उभ्या असलेल्या दोन आसनांच्या मोटारी वसंत ऋतूंत बाहेर निघतात, धुऊनपुसून चकचकीत केल्या जातात, आणि त्यांतल्या पुष्कळशा विक्रीस मांडल्या जातात. नेमक्या त्याच सुमारास, पहिल्या उबदार रविवारीं, अशी एखादी गाडी आपल्या दारीं असावी ही इच्छाहि अनेकांच्या मनांत उत्पन्न होते. विकणाऱ्याला हा योग चांगला ठाऊक असतो. घेणारा मात्र लाल रंग, क्रोमची झिलई आणि कातड्याचा वास यांत असा गुंगून जातो, कीं ज्या जागेवर त्या गाडीचें सारें आयुष्य अवलंबून असतें ती जागा पाहण्याचें त्याला भानच राहत नाहीं. ती जागा सुंदर नसते, आणि ती पाहण्यासाठीं गुडघे टेंकावे लागतात.

अशा जुन्या गाड्यांपैकीं बाजारांत सर्वांत अधिक आढळणारी गाडी म्हणजे एम्. जी. बी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गांवीं ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. पक्क्या छपराचा जी. टी. नांवाचा प्रकार १९६५ सालीं निघाला. तो धरून एकंदर पांच लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, आणि त्यांतला मोठा भाग अमेरिकेस गेला. गाडी विपुल, तिचे सुटे भाग आजहि नवे मिळतात, आणि तिची यंत्ररचना इतकी सरळ आहे कीं हौशी माणसाला ती घरच्या हत्यारांनीं खोलतां येते. म्हणूनच पहिल्यानें जुनी गाडी घेणाऱ्याचें लक्ष बहुधा तिच्याकडेच जातें, आणि म्हणूनच फसगतीच्या कथाहि तिच्याच अधिक ऐकूं येतात.

तिच्या आधींची एम्. जी. ए. ही गाडी एका वेगळ्या पोलादी चौकटीवर, म्हणजे चॅसीवर, बांधलेली होती. वरचें कवच जीर्ण झालें तरी खालची चौकट भार वाहूं शकत असे. सिड एनेव्हर या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखालीं एम्. जी. बी. ची आंखणी झाली, तेव्हां ही चौकट काढून टाकण्यांत आली. पत्र्याचे आकार एकमेकांस सांधून जें कवच बनतें, तोच या गाडीचा सांगाडा. इंजिन, चाकें आणि माणसें यांचा सर्व भार त्यानेंच पेलावयाचा. यांत वाईट कांहीं नाहीं; बंद मोटारी तर बहुतेक अशाच असतात. परंतु जोड्यांची पुठ्ठ्याची पेटी झांकण घट्ट लावून पिळून पाहावी, आणि मग झांकण काढून तीच पुन्हा पिळून पाहावी, म्हणजे उघड्या मोटारीची अडचण एका क्षणांत समजते. छप्पर गेलें कीं पेटीचें निम्में बळ गेलें. तें भरून काढण्यासाठीं दारांखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंस पत्र्याची एक पोकळ तुळई घातलेली असते. इंग्रजींत तिला सिल म्हणतात. मराठींत उंबरठा म्हटलें तर नांव आणि काम दोन्ही जुळतात. या दोन उंबरठ्यांवर सारी गाडी उभी असते.

हा उंबरठा म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेर एक पत्रा, आंत एक पत्रा, मध्यें एक उभा पडदा, आणि खालीं त्यांना जोडणारी लांबट पन्हळ, अशी त्याची घडण आहे. पुढच्या चाकानें उडविलेला चिखल मडगार्डाच्या आंत, दाराच्या पुढच्या बाजूस सांचतो व तेथें महिनेच्या महिने ओला राहतो. इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. तें मीठहि त्या चिखलांत असतें. पाणी निघून जावें म्हणून खालीं ठेविलेलीं लहान भोंकें त्याच चिखलानें बुजतात. वरून, कापडी छपरांतून झिरपलेलें पाणी गालिच्याखालीं मुरून आंतल्या बाजूनें त्याच उंबरठ्याकडे येतें. गंज आंतून बाहेर येतो, बाहेरून आंत जात नाहीं. बाहेरच्या रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसला, याचा अर्थ आंत पुष्कळ काम आटोपलेलें आहे असा समजावा.

आणि येथेंच दुरुस्तीच्या दोन रीति होतात. खरी दुरुस्ती करावयाची तर पुढचें मडगार्ड सोडवून काढावें लागतें, मागच्या मडगार्डाचा खालचा भाग कापावा लागतो, दाराच्या चौकटीला तात्पुरता आडवा दांडा लावून गाडीचा आकार धरून ठेवावा लागतो, आणि मग कुजलेले थर एकामागून एक काढून नवे सांधावे लागतात. या कामाला आठवडे लागतात आणि पैसाहि त्याच मानानें. दुसरी रीत एका दुपारची. कुजलेल्या उंबरठ्यावरच एक नवा पत्रा बसवावयाचा, कडेनें चार ठिकाणीं वेल्डिंग करावयाचें, खांचा रंगाऱ्यांच्या लांबीनें भरावयाच्या, आणि वर डांबरासारखा काळा थर फांसून दोन हात रंग द्यावयाचा. दोन्ही गाड्या छायाचित्रांत सारख्याच दिसतात. त्यांपैकीं एक पुढें वीस वर्षें चालते. दुसरीचा नवा पत्रा आंतल्या गंजावर झांकण म्हणून राहतो, व तो गंज आधीं चालला होता तसाच पुढें चालतो. अपघाताचा धक्का बसला तर त्या दोन गाड्यांतला भेद कोणत्या क्षणीं दिसून येईल, हें सांगावयास नको.

विकणारा माणूस नेहमीं लबाडच असतो, असें मात्र नाहीं. पुष्कळदां त्यानेंहि ती गाडी तशीच झांकलेली घेतलेली असते, आणि 'उंबरठे नवे आहेत' हें वाक्य एका मालकाकडून दुसऱ्याकडे वारशासारखें चालत आलेलें असतें. तेव्हां प्रश्न विचारावयाचा तो 'नवे आहेत काय' असा नव्हे. कोणीं बसविले, केव्हां बसविले, आणि काम चालूं असतांनाचीं छायाचित्रें व पावत्या आहेत काय, असा. ज्यानें खरें काम करून घेतलें त्यानें तीं छायाचित्रें जपून ठेविलेलीं असतात, आणि न विचारतांहि तो तीं मोठ्या उत्साहानें दाखवितो.

परीक्षेसाठीं दिवस कोरडा आणि उजेड भरपूर असावा. ओल्या पत्र्यावर रंगाचे दोष लपतात. पहिली गोष्ट म्हणजे दार आणि कवच यांमधली फट. ती वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची असावी. वर बारीक आणि खालीं रुंद असेल, तर गाडी मध्यें खचलेली आहे, किंवा खचलेल्या स्थितींतच तिला वेल्डिंग केलेलें आहे. पुढें दार उघडून सोडावें. बंद करण्यासाठीं तें उचलून धरावें लागत असेल तर बिजागरी झिजलेली असेल, अथवा ज्यावर बिजागरी आहे तो खांबच हललेला असेल. नंतर एक लहान लोहचुंबक पातळ कापडांत गुंडाळून उंबरठ्यावरून, मागच्या चाकाच्या पुढील कोपऱ्यावरून आणि मडगार्डांच्या खालच्या वीतभर भागावरून फिरवावा. जेथें तो पकड सोडतो तेथें पत्रा नाहीं, लांबी आहे.

यानंतरची परीक्षा खरी. दाराखालीं, उंबरठ्याच्या मध्यावर, जॅक बसविण्यासाठीं एक चौकोनी नळी असते. गाडीबरोबर आलेला जॅक तेथें लावून ती बाजू उचलून दाखविण्यास विकणाऱ्यास सांगावें. मजबूत गाडी कुरकुर न करतां वर येते, व त्याच स्थितींत दार उघडतें आणि मिटतें. चाक जमिनीवरच राहून नुसती नळी पत्र्यांत वर शिरूं लागली, किंवा दार अडकूं लागलें, तर तेवढ्यावरच आभार मानून घरीं यावें. विकणारा 'त्या जागीं जॅक लावूं नका' असें म्हणाला, तरीहि उत्तर मिळालेंच आहे. ही परीक्षा चालूं असतांना गाडीखालीं कोणींहि शिरूं नये, हें वेगळें सांगण्याची आवश्यकता आहे. कारण कुजलेला पत्रा नेमका केव्हां सुटेल याचा भरंवसा नसतो. खालून पाहावयाचें तें मागाहून, गराजांतल्या उचलणीवर किंवा भक्कम टेंकूंवर गाडी ठेवून.

खालून पाहतांना मागच्या पाट्यांचें पुढलें टोंक जेथें कवचाला अडकविलेलें असतें तो भाग विशेष पाहावा. तेथेंहि उंबरठ्याचेंच शेवट येतें. आसनांच्या मागें फळीखालीं बॅटरीची जागा आहे. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तेथें दोन पेट्यांत असत, पुढें बारा व्होल्टची एक आली. तेथें सांडलेल्या आम्लानें पेट्यांचे तळ खाल्लेले असणें हा अगदीं नेहमींचा प्रकार आहे, आणि तो बऱ्याच लोकांच्या लक्षांत येत नाहीं, कारण ती फळी उघडण्याचें कोणाला सुचतच नाहीं. दाराच्या वरच्या कडेला, लहान त्रिकोणी कांचेच्या बुंध्यापाशीं, पत्र्याला चीर गेलेली आढळते. ती या गाडीची जन्मखोड आहे; ती पाहून घाबरूं नये, पण किंमत ठरवितांना विसरूंहि नये.

मग छप्पर. तें स्वतः लावून पाहावें आणि स्वतः उतरवून पाहावें. विकणारा एका झटक्यांत तें उघडतो, पण लावून दाखवितांना पुष्कळदां त्याला घाम फुटतो. कापड आंखडलेलें असलें तर पुढची पट्टी कांचेच्या चौकटीपर्यंत पोंचत नाहीं, आणि ओढून ताणून बसविली तर बटणें उपटून येतात. मागची पारदर्शक खिडकी पिवळी पडली असेल तर रात्रीं मागचें कांहीं दिसणार नाहीं. सांगाड्याचे सांधे वांकलेले असले तर नवें कापडहि नीट बसत नाहीं. म्हणून कापडाच्या फाटण्यापेक्षां सांगाड्याचें वांकणें अधिक गंभीर. असें छप्पर पूर्णपणें जलाभेद्य असतें अशी अपेक्षा ठेवणें व्यर्थ आहे, पण गालिचा उचलून खालचा पत्रा हातानें चांचपावा. तो कोरडा असावा.

इंजिनाकडे येतांना घेणाऱ्यानें थोडा सुस्कारा टाकावयास हरकत नाहीं. १७९८ घनसेंटिमीटरचें हें चार सिलिंडरांचें इंजिन अत्यंत चिवट आहे, आणि मराठी वाचकाला तें अगदींच परकें नाहीं. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथें तयार होणारी आणि २०१४ सालीं बंद झालेली अँबेसडर मोटार ज्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनावर वर्षानुवर्षें चालली, तें याच कुळांतलें. त्या गाडीचीं इंजिनें रस्त्याच्या कडेला झाडाखालीं खोलून पुन्हा जोडणारे मेस्त्री ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना या इंजिनाच्या स्वभावाविषयीं अधिक सांगावयास नको. सारांश, इंजिन बिघडलें तर दुरुस्त होतें व त्याचा खर्च अगोदर अजमावतां येतो. कवचाचा खर्च पत्रा कापून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. म्हणून आवाज करणारें इंजिन आणि निरोगी कवच असलेली गाडी, ही गोड चालणाऱ्या पण कुजलेल्या गाडीपेक्षां केव्हांहि बरी.

तरी कांहीं गोष्टी पाहाव्याच. इंजिन थंड असतांना सुरू करून दाखवावें असें आधींच कळवावें, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून तें खरोखर थंड आहे याची खात्री करावी. तापलेल्या इंजिनाची खोड दिसत नाहीं. चांगलें तापल्यावर, धांवत्या गाडींत तेलाचा दाब पन्नास पौंडांच्या आसपास किंवा वर असावा, आणि उभ्या गाडींत मंद चालीवर तो पंधरा-वीसाच्या खालीं जाऊं नये. व्हॉल्व्हचा थोडा टिकटिक आवाज स्वाभाविक आहे; तो मुळींच येत नसेल तर अंतरें फार घट्ट ठेविलेलीं असतात आणि व्हॉल्व्ह जळण्याचा संभव असतो. उतारावर पाय उचलून पुन्हा दाबतांच मागें निळा धूर निघाला, तर तेल जळत आहे. तेल घालण्याच्या झांकणाखालीं दुधी चिकटा दिसला, तर पाणी तेलांत मिसळत असेल. पण नुसत्या लहान फेऱ्यांसाठीं वापरलेल्या गाडींतहि हिवाळ्यांत तसा थोडा दिसतो. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या इंजिनांत क्रँकला तीन बेअरिंगें असत, पुढें पांच झालीं. नंतरचीं अधिक टिकाऊ समजलीं जातात. ब्रिटनमध्यें शिशाचें पेट्रोल २००० सालच्या आरंभीं बंद झालें, तेव्हां सिलिंडर-हेडमध्यें कठीण व्हॉल्व्ह-सीटें बसविलीं आहेत काय, हेंहि विचारावें. २०२१ च्या सप्टेंबरपासून तेथील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबरी नळ्यांना तें मानवत नाहीं. त्या बदललेल्या नसल्यास गळती व आग यांचें भय आहे.

१९६७ पूर्वींच्या गाड्यांत पहिला गिअर चालत्या गाडींत घालतां येत नाहीं. तो दोष नव्हे, तशी रचनाच आहे. दुसरा गिअर मात्र पाय उचलतांच आपोआप निसटत असेल तर गिअरपेटी खोलावी लागेल. ओव्हरड्राइव्ह असल्यास तो प्रत्यक्ष चालवून पाहावा. बटण दाबतांच इंजिनाचा सूर क्षणांत उतरला पाहिजे.

तारांच्या चाकांना घेणारा सर्वांत अधिक भुलतो. त्यांच्या मध्यभागीं दांतेरी बैठक असते व तिच्यांतूनच इंजिनाची आणि ब्रेकाची सारी शक्ति चाकाकडे जाते. दांते झिजले कीं चाक बैठकींत ढिलें होतें. गाडी हळू पुढें घेऊन ब्रेक दाबावा, मग हळू मागें घेऊन दाबावा. प्रत्येक वेळीं खालून 'टक्' असा आवाज आला तर तें दांत्यांचें असूं शकतें. तारांवरून पेन्सिल फिरवावी. एखादीचा आवाज बद्द आला तर ती सैल आहे. पुढचीं चाकें ज्या खिळ्यांवर वळतात त्यांना दर तीन हजार मैलांनीं ग्रीज द्यावें लागतें, आणि हें काम सर्वांत आधीं विसरलें जातें. चाक उचलून वर-खालीं धरून हलवावें. खडखड झाली तर दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरावा. तरीहि खडखड राहिली तर खिळा झिजला, थांबली तर केवळ बेअरिंग सैल होतें. टायरांची नक्षी खोल असली तरी त्यांचें वय पाहावें: कडेवरच्या चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. थोडी वापरलेली गाडी नव्या दिसणाऱ्या पण पंधरा वर्षांच्या टायरांवर उभी असणें, हें नित्याचें आहे.

अमेरिकेच्या कोरड्या प्रांतांतून परत आणलेल्या गाड्यांचें कवच पुष्कळदां उत्तम असतें, मात्र उन्हानें आंतलें सामान करपलेलें असतें. १९७४ च्या उत्तरार्धापासून काळे रबरी बंपर आले व अमेरिकन नियमांसाठीं गाडी सुमारें दीड इंच उंच करण्यांत आली. त्या गाड्या वळणावर अधिक कलतात आणि स्वस्त मिळतात. रसिक लोक त्यांना नाकें मुरडतात. मूळ सांच्यांवर नवीं कवचें बनविण्याचें काम १९८८ सालीं ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें सुरू केलें. अशा कवचाची गाडी मिळाली तर भाग्य, पण तें कवचहि आतां तीस वर्षांहून जुनें असूं शकतें, आणि परीक्षा तिचीहि तीच.

ही सारी परीक्षा घेणाऱ्यानेंच कां करावी, याला एक कायद्याचें कारण आहे. २० मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत फारसा बदल न झालेल्या मोटारींना एम्. ओ. टी. ही वार्षिक तपासणी सक्तीची राहिली नाहीं. शेवटची एम्. जी. बी. १९८० सालची, म्हणजे तशा सर्वच गाड्या या सवलतींत बसतात. गाडी रस्त्यावर सुरक्षित असली पाहिजे हें बंधन मालकावर कायम आहे, पण तें पाहणारा तिऱ्हाईत वर्षाकांठीं कोणी येत नाहीं. मालकानें स्वेच्छेनें तपासणी करून घेण्यास मात्र आडकाठी नाहीं, आणि विक्रीपूर्वीं ती करून द्यावी अशी अट घालणें पूर्णपणें रास्त आहे. २००५ पासूनच्या तपासण्यांचा इतिहास गाडीच्या नोंदणीक्रमांकावरून इंटरनेटवर विनामूल्य पाहतां येतो. 'उंबरठ्याला गंज' हा शेरा एका वर्षीं आला, दुसऱ्या वर्षीं नाहींसा झाला, आणि त्या मधल्या काळांतली एकहि पावती विकणाऱ्याजवळ नाहीं, तर काय घडलें तें उघड आहे. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम मूळ कारखान्याच्या नोंदींवरून दाखला देतें. त्यांत तयार झाल्याची तारीख, मूळ रंग आणि इंजिनाचा क्रमांक असतो. नोंदणीपत्रावर ज्याचें नांव आहे तो गाडीचा कायदेशीर मालक असेलच असें नाहीं, असें त्या पत्रावरच छापलेलें असतें. विक्रीची पावती वेगळी घ्यावी.

व्यवहार पुरा होऊन गाडी घरीं आली, कीं छप्पर उघडून फिरावयास निघण्याआधीं तासभर काम आहे. पुढच्या मडगार्डांच्या आंतला जुना चिखल हातानें काढावा व पाण्यानें धुवावा, उंबरठ्याखालचीं भोंकें तारेनें मोकळीं करावीं, आणि दोन-तीन दिवस कोरडी हवा मिळाल्यावर त्याच भोंकांतून लांब नळीनें पातळ मेण आंत फवारावें. तें खालून थेंब-थेंब गळूं लागलें म्हणजे आंत सर्वत्र पोंचलें. गराजाच्या फरशीवर त्याआधीं जुनीं वर्तमानपत्रें पसरावीं.